भारतीय सांख्यिकी सेवा

केंद्र सरकारची गट 'अ' सेवा. देशाचे राष्ट्रीय उत्पन्न, महागाई, औद्योगिक उत्पादन, रोजगार यांचे अधिकृत आकडे तयार करणारे अधिकारी या सेवेत मोडतात. ही सेवा आणि भारतीय आर्थिक सेवा १ नोव्हेंबर १९६१ रोजी एकाच दिवशी अस्तित्वात आल्या. ढोबळ वाटणी अशी की, आकडा काढायचा सांख्यिकीवाल्यांनी आणि त्याचा अर्थ लावून सरकारला सल्ला द्यायचा आर्थिक सेवेतल्यांनी. अर्थसंकल्पाआधी येणारी आर्थिक पाहणी मुख्य आर्थिक सल्लागारांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या मजकुरामागे आर्थिक सेवेतली माणसे असतात, तक्त्यांमागे बहुतेक सांख्यिकी सेवेतली. नाव दोघांचेही कुठे फारसे येत नाही.

दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी भारताचे दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये काढले, ते सरकारचेच अहवाल चाळून. स्वातंत्र्यानंतर उत्पन्न मोजण्याची जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, आणि अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना. निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेली सांख्यिकीची पदे पुढे १९६१ मध्ये एका सेवेत गोवली गेली.

प्रवेश यूपीएससीच्या स्वतंत्र परीक्षेतून. इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे १००-१०० गुण सोडले, तर उरलेले ८०० गुण निव्वळ संख्याशास्त्राचे असतात, वर २०० गुणांची मुलाखत. काही जागा अधीनस्थ सांख्यिकी सेवेतून बढतीने भरतात. प्रशिक्षण ग्रेटर नोएडाच्या अकादमीत होते. सहायक संचालक, उपसंचालक, सहसंचालक अशी चढण महासंचालकापर्यंत जाते.

कामाचे खरे स्वरूप मात्र पदांच्या यादीतून कळत नाही. त्यासाठी शेतात जावे लागते. पिकाचा अंदाज पूर्वी आणेवारीने होई. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे. बांधावर उभे राहून नजरेने ठरवायचे, म्हणजे ठरवणाऱ्याच्या अंदाजावर सोडायचे. (पैसेवारी या नावाने ही पद्धत अजून टिकून आहे.) सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात नमुना पद्धतीच्या पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक (कोणी न निवडता, चिठ्ठी काढल्यासारख्या येणाऱ्या) अंकांइतकी पावले मोजायची, तिथे खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखायचा, साधारण १० मीटर बाय ५ मीटर. आतले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे, वाळल्यावर पुन्हा तोलायचे. चौकोन केवढा असावा यावर सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात चांगलीच जुंपली होती. महालनोबिसांचा तुकडा लहान आणि गोल. सुखात्म्यांचे म्हणणे असे की, तुकडा जितका लहान, तितका कडेचा घेर क्षेत्रफळाच्या मानाने मोठा. कडेवरची पिकाची ताटे कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते. वाद दोरीबाहेरच्या चार ताटांचा, पण त्याला देशभरच्या शेतांनी गुणायचे असते. महाराष्ट्रात हे प्रयोग कृषी, महसूल आणि जिल्हा परिषद या तीन खात्यांत वाटलेले आहेत. म्हणजे दोरी धरणारा बहुधा कृषी सहायक, तलाठी नाहीतर ग्रामसेवक असतो, आणि सेवेतला अधिकारी त्याच्या कागदावर विसंबून असतो.

हे परावलंबन किती महागात पडते ते २०१२ साली दिसले. जानेवारी महिन्याच्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकात ६.८ टक्के वाढ जाहीर झाली. साखरेचे उत्पादन ५८.०९ लाख टनांऐवजी १३४.०८ लाख टन असे कळवले गेले होते. आकडा साखर संचालनालयाकडून आलेला, छापला सांख्यिकी कार्यालयाने. महिनाभराने दुरुस्ती झाली, तेव्हा वाढ १.१ टक्क्यावर आली. ऐन गळीत हंगामातला साखरेचा आकडा दुपटीहून मोठा दिसतो आणि तो पुण्या-कोल्हापुरातल्या एखाद्या साखरवाल्याला न विचारता पुढे जातो, याला घाई म्हणावे की भिडस्तपणा, हे ठरवणे अवघड आहे.

राज्यांची यंत्रणा वेगळी. महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालय हे काम पाहते. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि जिल्ह्यांची सामाजिक व आर्थिक समालोचने त्याचीच. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या कपाटात पाहणी हमखास असते.

सांख्यिकी व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या रंगराजन आयोगाने २००१ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार राष्ट्रीय सांख्यिकी आयोग नेमला गेला आणि २००६ मध्ये तो कामाला लागला. आकड्यांना राजकारणाची झळ लागू नये हा हेतू. पण आयोगाला कायद्याचे पाठबळ मिळाले नाही. जानेवारी २०१९ मध्ये प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगाने मान्य केलेला २०१७-१८ चा श्रमबल पाहणी (रोजगार-बेरोजगारीची पाहणी) अहवाल सरकार प्रसिद्ध करत नव्हते, हे त्यातले एक कारण. मोहनन स्वतः याच सेवेतून निवृत्त झालेले. दरम्यान अहवाल वृत्तपत्रात फुटला होता. बेरोजगारीचा दर ६.१ टक्के. निवडणूक झाली, ३० मे रोजी नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे बाहेर आला. दर तोच होता, ६.१ टक्के.