मान जुळली, पण वळते का?

कोल्हापूर भागात मानेला मार बसायची कारणं ठरलेली आहेत. महामार्गावर घसरलेली दुचाकी, हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून पडणं, पंचगंगेच्या उथळ पाण्यात मारलेला सूर, आखाड्यात डोक्यावर आदळलेला पैलवान. मार वरच्या दोन मणक्यांवर बसला की घरचे विचारतात, जीव वाचेल ना? शल्यविशारदांनीही कित्येक दशकं तेवढाच विचार केला.

पहिला मणका म्हणजे हाडाचं कडं. दुसऱ्या मणक्याचा सुळका त्या कड्यात खालून वर घुसलेला असतो आणि आडवं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधणारा चिवट बंध, त्याला मागून आवळून धरतं. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरावा, तसं कडं सुळक्याभोवती फिरतं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एकाच सांध्याचं. ट्रॅक्टरवर बसून मागची ट्रॉली बघणाऱ्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही.

कडं फुटण्याचं सविस्तर वर्णन जेफ्री जेफरसन यांनी 1920 मध्ये केलं. 1939 मध्ये गॅली यांनी दोन्ही मणके तारेनं बांधून, हाडाचा तुकडा ठेवून ते एकजीव करण्याची पद्धत मांडली. मान बाहेरून स्थिर धरण्यासाठी कवटीला पिनांनी बसवायचं धातूचं ‘हॅलो’ कडं 1959 चं. ते मुळात पोलिओच्या रुग्णांसाठी होतं. पुढे मागेर्ल यांचा सांध्यातून आरपार जाणारा स्क्रू आला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्क्रू घालून ते प्लेटनं जोडले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. हार्म्स यांनी 2001 मध्ये प्लेटऐवजी सळ्या मांडल्या. पकड दरवेळी आणखी पक्की होत गेली. पण मणके एकजीव केले की तो सांधा कायमचा थांबतो.

वेगळी वाट 1980 च्या सुमारास निघाली. जपानचे नाकानिशी आणि ऑस्ट्रियाचे बोहलर यांनी मानेच्या पुढून, दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेतून वर, मोडलेल्या सुळक्यात थेट स्क्रू घातला. हाड हाडाला जुळलं, सांधा मोकळा राहिला! मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. अटी मात्र कडक आहेत. आडवं लिगामेंट शाबूत हवं, मोडीची रेष स्क्रूला अनुकूल हवी, हाड फार ठिसूळ नको आणि मोड ताजी हवी.

ही शेवटची अट आपल्याकडे निसटते. सुळका मोडलेला माणूस कधीकधी चालत येतो. अंथरुणातून उठताना दोन्ही हातांनी डोकं सावरतो, बाकी हातपाय ठीक. मग ‘लचक भरली’ म्हणून मान चोळली जाते, झटका देऊन मोडली जाते आणि महिने जातात. डोक्यावर पडलेल्याची मान चोळू नका, हलवू नका. मानेला पट्टा लावून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि सीटी स्कॅन करा. लिगामेंटचा अंदाज एमआरआयवरून येतो.

फुटलेल्या कड्यासाठीही असाच विचार झाला. रुफ, मेल्चर आणि हार्म्स यांनी 2004 मध्ये तोंडातून जाऊन फक्त कडं आवळून जोडल्याचं मांडलं. नंतर तेच काम मागूनही होऊ लागलं. लिगामेंट तुटलेलं असताना एवढ्यावर भागतं का, यावर अजून वाद आहे. काही निवडक रुग्णांत दोन्ही मणके स्क्रू-सळ्यांनी तात्पुरते धरतात, एकजीव करत नाहीत आणि मोड भरल्यावर ते सामान काढून घेतात.