धार्मिक टपाल फसवणूक

देवाच्या नावानं पत्र पाठवायचं, वाचणाऱ्याच्या अडचणीवर नेमकं बोट ठेवायचं आणि प्रार्थनेच्या बदल्यात पैसे उकळायचे, या प्रकाराला धार्मिक टपाल फसवणूक म्हणतात. देणगी तर खऱ्या संस्थाही मागतात आणि त्यात गैर काहीच नाही, पण पैशाच्या बदल्यात चमत्काराची हमी किंवा नाही दिले तर वाईट होईल अशी भीती, हे दिसलं की समजायचं.

अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरलेला एक नमुना म्हणजे कागदी 'प्रार्थना गालिचा'. घडी घातलेला पातळ कागद, त्यावर मिटल्या डोळ्यांचा येशूचा चेहरा, एकटक बघत राहिलं की डोळे उघडल्यासारखे वाटतात, म्हणजे चित्रातला दृष्टिभ्रम. त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करा आणि मग परत पाठवा, कारण तो पुढच्या गरजू घरी जायचाय, असं लिहिलेलं असतं, म्हणजे ठेवून घेतला तर दुसऱ्याचं अडवल्यासारखं वाटतं. सोबत एक फॉर्म, आजारपण, कर्ज, नोकरी, घरातलं व्यसन, जे असेल त्यावर खूण करा, आणि खाली 'बी पेरा' (म्हणजे देणगी द्या, देव ती वाढवून परत करेल) म्हणून रकमेची जागा. या खुणा फार महत्त्वाच्या, कारण माणूस आपल्याच हातानं सांगून टाकतो की दुखतंय कुठं, आणि पुढचं पत्र नाव घेऊन त्याच दुखण्यावर येतं. शिवाय एकदा पैसे पाठवणाऱ्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, त्यांना 'सकर लिस्ट', म्हणजे सहज फसणाऱ्यांची यादी, म्हणतात. एकटे राहणारे म्हातारे आणि आजारी माणसं यात जास्त सापडतात.

टीव्हीवरचे धर्मोपदेशक रॉबर्ट टिल्टन यांच्याबद्दल 1991 मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीच्या 'प्राइमटाइम लाइव्ह' या बातम्यांच्या कार्यक्रमानं दाखवलं की लोकांनी पाठवलेल्या पाकिटांतले पैसे काढून घेऊन प्रार्थनेच्या विनंत्या कचऱ्यात टाकलेल्या सापडल्या. टिल्टननी आरोप नाकारले, पण 1993 पर्यंत त्यांचा कार्यक्रम बंद पडला. मला यातलं सगळ्यात वाईट पैशाचं वाटत नाही, कुणीतरी रात्री बसून पोराच्या आजाराबद्दल लिहिलेलं ते पत्र कुणी वाचलंच नाही, हे वाटतं.

कायद्याची अडचण खरी आहे. टपालातून फसवणूक हा अमेरिकेत 1872 पासून केंद्रीय गुन्हा आहे, पण धर्म आला की कोर्टानं ठरवायचं काय? 'आय अ‍ॅम' पंथाच्या बॅलार्ड कुटुंबावर असाच खटला झाला, आजार बरे करायची शक्ती आहे असं सांगून टपालानं पैसे गोळा केल्याचा. 1944 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की श्रद्धा खरी की खोटी हे ज्युरीनं ठरवायचं नाही. म्हणून अशा खटल्यात प्रश्न उरतो तो एवढाच, की सांगणाऱ्याचा स्वतःचा तरी त्यावर विश्वास होता का, आणि हे सिद्ध करणं महाकठीण.

ईमेलमध्ये हाच डाव वेगळ्या कपड्यात येतो: मरणाला टेकलेली धार्मिक विधवा, तिला सगळी इस्टेट देवकार्याला द्यायचीय, देवानंच तुमचं नाव सुचवलं, फक्त आधी वकिलाची फी भरा. आणि साखळी पत्रं तर जुनीच, इतक्या प्रती वाटा नाहीतर कोप होईल.

घरातलं कुणी यात अडकलं असेल तर 'तुम्हाला कळत कसं नाही' म्हणून ओरडू नका, माणूस लाजून पत्रं लपवायला लागतो आणि पैसे जातच राहतात. त्यांच्या शेजारी बसून दोन-तीन पत्रं एकत्र ठेवून दाखवा, तोच मजकूर, तीच निळ्या शाईतली 'हातानं केलेली' सही, छापलेली.