पाचशे टक्के लाभांश, अन् हातात पाच रुपये

लातूरच्या आडतीत सोयाबीनची पट्टी होईपर्यंत हमखास कानावर येतं, "डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, पैसा फुकट!" फुकट काही नसतं. डिव्हिडंड, म्हणजे लाभांश, हा कंपनीने नफ्यातून भागधारकांना वाटलेला पैसा. 200 रुपयांच्या शेअरवर 10 रुपये लाभांश असेल, तर एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) भाव साधारण 190 वरूनच सुरू होतो. बाकीची हालचाल बाजाराची. पोत्यातून पायली काढली की पोतं तेवढं हलकं होणारच.

वर त्या 10 रुपयांवर करही आपलाच. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो.

आणि ते "500 टक्के लाभांश"? टक्केवारी दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या शेअरच्या मूळ किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे. दर्शनी मूल्य 1 रुपया असेल तर 500 टक्के म्हणजे 5 रुपये. शेअर हजाराला घेतला असेल, तर अर्धा टक्का! (बँकेतलं बचत खातं बरं म्हणायचं.)

म्हणून लाभांश न देणारी कंपनी वाईट, असंही नाही. तोच पैसा नव्या कारखान्यात घालून ती जास्त कमावत असेल, तर तिच्याकडेच राहू द्यावा. नुसता साठवून ठेवत असेल, तर मात्र भागधारकांना वाटलेला बरा.