चेक लाइट, कप्लर आणि ‘ओबीडी’ : पेट्रोल गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीची पार्श्वभूमी

कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाची) गाडी आणि एमपीएफआय गाडी, अशी विभागणी आपल्याकडच्या गॅरेजांत अजून चालते. शब्द धरून बसलं तर एमपीएफआय म्हणजे फक्त दर सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर, एवढंच. पण १९९८ ते २००० या काळात मॅटिझ आली, सँट्रो आली, मग एमपीएफआयची झेन आणि ८०० आली, आणि त्यांच्याबरोबर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीतला पंप आणि मीटरमधला पिवळा दिवा असं सगळं लटांबर एकदमच दारात उभं राहिलं. त्या सगळ्याला मिळून हे एक नाव पडलं. डिकीवर तशी अक्षरंही असायची. घेणारा ती अभिमानानं दाखवायचा आणि मिस्त्री ती वाचून गाडी दुसरीकडे पाठवायचा.

परदेशातला इतिहास इथे थोडक्यात. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, तेही मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी. १९७६ मध्ये व्होल्वोवर धुरातला ऑक्सिजन पाहणारा ऑक्सिजन सेन्सर बसला, आणि १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये पेट्रोल आणि स्पार्क या दोन्हींचा हिशेब एकाच डब्यात गेला. यामागे कॅलिफोर्नियाची हवा होती. इंजिन बिघडू नये म्हणून हा खटाटोप कुणी केला नव्हता, धूर कमी व्हावा म्हणून केला होता. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात असलेलं बरं.

आपल्याकडेही सुरुवात धुरातूनच झाली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिशाच्या पेट्रोलनं कन्व्हर्टर मरतो, म्हणून त्याच्यासोबत शिसंविरहित पेट्रोलही आलं. मात्र इंजिनावर कार्बोरेटरच होता. म्हणजे मिश्रण ठरवणार जेट आणि स्क्रू, आणि त्याचा हिशेब चुकता करणार सायलेन्सरच्या वाटेवरचा तो डबा. मिस्त्रीनं पिकअपसाठी स्क्रू थोडा ढिला दिला की जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळायचं, आतली जाळी वितळायची आणि गाडी गुदमरायची. मग डबा कापून जाळी काढून टाकायची आणि रिकामा डबा परत वेल्ड करायचा. हे सर्रास चालायचं. ही व्यवस्था अर्धवट होती असं माझं मत आहे. कन्व्हर्टर द्यायचा आणि त्याला सांभाळणारा सेन्सर द्यायचा नाही, यातून पहिल्या पाच वर्षांत मेकॅनिक लोकांच्या मनात ‘प्रदूषणाचं सामान म्हणजे कटकट’ हेच बसलं.

शिसंविरहित पेट्रोल देशभर पोचलं फेब्रुवारी २००० मध्ये. त्याआधी १९९९ मध्ये न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा अलीकडे खेचल्या होत्या, आणि कंपन्यांना कार्बोरेटर सोडावाच लागला. मुंबईत युरो-२ च्या बरोबरीचे नियम २००१ मध्ये आले. काळ्यापिवळ्या पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास संपलं, पण रस्त्यावर आणि गॅरेजात ती पुढे कित्येक वर्षं होती. त्यामुळे एकाच पान्याच्या पेटीत जुन्या इंजिनाच्या स्पार्कचा कट पॉइंट घासायचा पॉलिश पेपर आणि मल्टिमीटर शेजारी शेजारी राहिले.

२००० ते २०१० या दशकाबद्दल लिहिलेलं फारसं सापडत नाही, पण आजच्या सवयी तिथेच लागल्या. ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर फक्त कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात असायचा. बाहेरच्यांना मीटरमधला तो पिवळा दिवा, म्हणजे चेक लाइट, होता. सुझुकीच्या इंजिनांच्या त्या काळच्या काही गाड्यांत तपासणीच्या कप्लरमधले (वायरी जोडायच्या प्लगमधले) दोन पॉइंट वायरच्या तुकड्यानं जोडले आणि चावी ऑन केली की चेक लाइट लुकलुकायचा. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२, सगळं ठीक. एक आणि तीन म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. एक आणि चार म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. एक जण आत बसून आकडे म्हणायचा, दुसरा सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा.

पण १४ लागला म्हणून सेन्सर गेला असं नसतं. तो आकडा एवढंच सांगतो की त्या वायरीवरून ईसीएमला जे कळतंय ते पटण्यासारखं नाही. मग सेन्सर काढायचा आणि मीटरची टोकं लावून पाण्याच्या पातेल्यात बुडवायचा. साध्या पाण्यात साधारण अडीच किलो-ओहम, पाणी ऐंशी अंशांवर गेलं की तीनशे ओहमच्या आसपास. आकडा सरळ खाली आला तर सेन्सर चांगला आहे, आणि दोष कप्लरच्या पिनेवर चढलेल्या हिरव्या बुरशीत आहे. आमच्याकडे चहाचं जुनं पातेलं याच कामाला ठेवलेलं होतं आणि त्यात कुणी चहा करू नये म्हणून बाहेरून लाल रंगाचा पट्टा मारला होता. माझ्या आठवणीत तरी त्या पातेल्यातून पास झालेले सेन्सर नापास झालेल्यांपेक्षा जास्त होते.

आता ‘ओबीडी’ या शब्दाकडे. ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, गाडीनं स्वतःचीच तपासणी करायची व्यवस्था. या एका शब्दानं जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशानं नसेल.

अमेरिकेत ओबीडी-१ म्हणजे जुना, बेशिस्त काळ. प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, आकडे वेगळे, लुकलुक वेगळी. १९९६ पासून तिथे सगळ्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं. सोळा पिनांचा एकच प्लग, ‘पी’पासून सुरू होणारे ठरलेले कोड आणि कुठल्याही दुकानाच्या स्कॅनरला कळेल अशी भाषा. युरोपात पेट्रोल कारसाठी हेच काही वर्षांनी आलं. इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक या अर्थानं लिहिलेलं असतं.

आपल्या नियमांत हीच दोन नावं आली, पण अर्थ बदलून. १ एप्रिल २०१० ला तेरा शहरांत धुराचे भारत स्टेज-४ नियम लागू झाले, त्यासोबत ओबीडी-१ आलं. १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. इथल्या ओबीडी-१ चा प्लगच्या आकाराशी संबंध नव्हता. प्लग सोळा पिनांचाच होता, कोडही ‘पी’चेच. फरक होता गाडीनं स्वतःची तपासणी किती खोल करायची याचा. पहिल्या टप्प्यात फक्त विजेची जोडणी पाहायची : वायर तुटली का, शॉर्ट झाली का. दुसऱ्या टप्प्यात काम नीट होतंय का हेही पाहायचं. कन्व्हर्टर अजून धूर साफ करतोय का, सिलिंडर मिसिंग मारतोय का, ऑक्सिजन सेन्सर सुस्तावला का. म्हणजे २०११ च्या कारमध्ये कन्व्हर्टर पार मेला तरी दिवा लागलाच पाहिजे असं बंधन नव्हतं, आणि २०१४ च्या कारमध्ये पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर काम करत नसल्याचा कोड, यायलाच हवा.

त्यातून काय झालं? २००५-०६ च्या पुष्कळ गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा प्लग आहे, पण बोली कंपनीची. हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ डोंगल तिथे लावला तर ‘कनेक्ट होत नाही’ म्हणतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं ईसीएम गेला. २०११ ची गाडी बोलते, पण अर्धंच सांगते. स्कॅनरवर एकही कोड नाही म्हणून मिस्त्री गाडी ठणठणीत असल्याचं सांगतो, आणि ती पीयूसीला नापास होते. त्यात भर शहरांची. मुंबई, पुणे, सोलापूर त्या तेरांत होती, सातारा-सांगली नव्हती. २०१० मध्ये एकाच मॉडेलची गाडी पुण्यात घेतली तर नियमानं तिला ओबीडी हवं, साताऱ्यात घेतली तर नको. भारत स्टेज-४ देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर वाहनांच्या चाचण्या होतात, तिथल्या लोकांना हे टप्पे तोंडपाठ असतील. टेकडीच्या खाली, पौड रोडच्या गॅरेजांत, ‘ओबीडी टू’ म्हणजे तो प्लग, इतकाच अर्थ होता.

दुसरा घोळ जास्त खोलवरचा. ओबीडीच्या नियमानं कंपनीवर जे उघडं करण्याचं बंधन आलं ते धुराशी संबंधित तेवढंच. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय), चावीचं प्रोग्रॅमिंग, एअरबॅग, एबीएस, नव्या ईसीएमला गाडीची ओळख करून देणं, यातलं काही त्यात नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना, चालू ईसीएम आणला, चारी कप्लर बसवले, स्टार्टर फिरतोय आणि गाडी लागत नाही, कारण चावीचा नंबर त्या डब्याला माहीत नाही. सामान आहे, हात आहे, फक्त परवानगी नाही. मेकॅनिकला इलेक्ट्रॉनिक्स जमलं नाही म्हणून गाड्या कंपनीकडे गेल्या, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. चौथी शिकलेल्या माणसानं इंजेक्टरला बल्ब लावून पल्स पाहिलेला मी पाहिलाय.

याच मुद्द्यावर २०११ मध्ये स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे तक्रार गेली. सुरुवातीला ती तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशीत इतरही आल्या. ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड झाला, प्रत्येकीला सरासरी उलाढालीच्या दोन टक्के. वर्तमानपत्रांत दंडाचा आकडा आणि सुट्या भागांच्या किमती गाजल्या. गॅरेजच्या दृष्टीनं कळीचे शब्द वेगळेच होते : तपासणीची उपकरणं. सुट्या भागांबरोबरच ती स्वतंत्र गॅरेजांना मिळायला हवीत, असं त्या आदेशात होतं. शिवाय गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावर वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, हेही होतं. बाहेरच्या चुकीच्या कामानं नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती नाकारता येईल.

कंपन्यांचं म्हणणं दोन प्रकारचं होतं. हे सॉफ्टवेअर आणि भाग आमची बौद्धिक संपदा आहे, आणि अर्धशिक्षित माणसाच्या हातात दिले तर सुरक्षितता धोक्यात येईल. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला टेस्ट लॅम्प लावणारे महाभाग आहेत. पण ऑक्सिजन सेन्सरचा कोड वाचू देण्यात कसली असुरक्षितता होती, ते काही कळलं नाही. यंत्रणेनं हे युक्तिवाद मानले नाहीत. एकदा गाडी घेतली की तिच्या सामानापुरती आणि दुरुस्तीपुरती कंपनीच मालक होऊन बसते, असं तिचं निरीक्षण होतं. पुढे अपिलं झाली, दंडावरचा वाद लांबला. बाहेरच्या गॅरेजात खरा फरक पडला तो त्याच सुमारास स्वस्त झालेल्या, अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणाऱ्या चिनी स्कॅनरमुळे. काही हजारांत जे मिळू लागलं, त्यासाठी आदेशाची प्रत कुणी घेऊन फिरलं नाही.

दुरुस्तीच्या हक्काचा विषय केंद्र सरकारनं २०२२ मध्ये पुन्हा हातात घेतला. जुलैत समिती नेमली, डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं, आणि ज्या चार क्षेत्रांची निवड झाली त्यात वाहनं आहेत. भर माहिती एका जागी आणण्यावर आहे. तिथे मॅन्युअल सापडतं. ईसीएमचा पासवर्ड सापडत नाही.

दुचाकीची गोष्ट वेगळ्याच वळणानं गेली. २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, तिचं कोडसुद्धा लुकलुकीचंच. होंडाच्या त्या पद्धतीत आठ वेळा लुकलुक म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर, नऊ वेळा म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आली, आणि २००९ मध्ये तीच पल्सर २२० कार्बोरेटरवर परत गेली. पुण्याच्याच कंपनीची गाडी. किंमत खाली आली, आणि बारीक तारेनं जेट साफ करणाऱ्या मिस्त्रीला हायसं वाटलं. मागे वळण्याची ही सोय कारवाल्यांना कधी मिळाली नाही. दुचाकीवाल्यांना मिळाली ती १ एप्रिल २०२० पर्यंत. भारत स्टेज-६ आलं आणि साध्या शंभर सीसीच्या मोटरसायकलींपासून स्कूटरपर्यंत जवळपास सगळ्यांवर इंजेक्टर बसला, तोही टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत, गॅरेजं बंद असताना.

नियमातली नावं इथेही पुन्हा तीच. २०२० ला ओबीडी-१, २०२३ पासून ओबीडी-२ चा ‘ए’ टप्पा, २०२५ पासून ‘बी’. अर्थ पुन्हा आपल्या पद्धतीचा, आधी जोडणी, मग कामगिरी. प्लग मात्र यावेळी सोळा पिनांचा नाही, बहुतेक ठिकाणी सहा पिनांचा छोटा आहे, आणि थोड्या जुन्या गाड्यांवर चार पिनांचाही सापडतो.

२०२३ पासून वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवर चालणारा ईसीएम ते वाढवून घेतो. जुन्या गाडीचा इंजेक्टर अर्धवट चोंदलेला असेल, पंप थकलेला असेल, तर वाढवण्याची मर्यादा संपते आणि पी०१७१ लागतो, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. कोड सेन्सरच्या बोलण्यावरून येतो, म्हणून आधी सेन्सरच बदलला जातो, तीन हजारांचा. पंपाचं प्रेशर कुणी गेज लावून पाहत नाही, कारण गेजला टाकीजवळचा पाइप सोडवावा लागतो आणि स्कॅनरला नुसता प्लग.

दुचाकीच्या गॅरेजात स्कॅनर आता दिसतो, पण त्याच्यापेक्षा मोठी त्याच्यासोबतची पिशवी असते. सहा पिनांची वायर, चार पिनांची, तीनचीही एखादी, प्रत्येकीला सेलोटेपनं चिठ्ठी चिकटवलेली आणि चिठ्ठीवर बॉलपेननं गाडीचं नाव.