जुन्या छापील जाहिराती : भाषा आणि चित्रण

जुनी जाहिरात बघून 'काय भारी होतं ना' म्हणत फोटो पुढे पाठवणं वेगळं आणि ती वाचणं वेगळं. वाचायची म्हणजे कोण बोलतंय, कुणाशी, चित्रात कोण आहे आणि कुणाला जागाच दिलेली नाही हे बघायचं. फ्रान्सचे समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये पांझानी पास्त्याच्या एकाच जाहिरातीवर लिहिलं, जाळीच्या पिशवीतनं टोमॅटो-मिरच्या सांडल्यात, लाल-हिरवा-पिवळा रंग, कंपनी फ्रेंच पण वास मात्र इटलीचा. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ गॉफमननी १९७० च्या दशकात दाखवलं की जाहिरातीतली बाई वस्तू घट्ट धरत नाही, नुसती बोटं टेकवते.

मराठीत सुरुवात भाषेपासून करावी, चित्र नंतर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या जाहिरातीत 'आमचेकडे', 'टपालखर्च वेगळा', 'व्ही.पी.ने पाठवू' (म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं) असं पेढीवरचं मराठी असतं, दुकानदार स्वतः बोलतोय हे लगेच कळतं. 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य तर घ्याच, आज आपण हसतो, पण भांडीबाजारातल्या जुन्या दुकानदाराला त्यात कमीपणा नाही, ऐट आहे, आणि शेजारच्या नक्कल करणाऱ्याला टोमणाही. पुढे मुंबईच्या एजन्सीतनं इंग्रजीवरून भाषांतर होऊन यायला लागलं आणि त्वचा एकदम 'मुलायम' झाली, आमच्या आजीची कधी मुलायम नव्हती, मऊ होती.

बायकांच्या चित्रणावर बोलायचं तर लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत आल्या, ज्या काळात सिनेमातलं काम घरंदाज बाईचं समजलं जात नव्हतं तेव्हा पदवीधर नटीचा चेहरा साबणाला प्रतिष्ठा देत होता आणि साबण तिला, दोघांचंही भागलं. गोरेपणाचं मात्र सरळसरळ विकणं होतं, फेअर अँड लव्हली १९७५ ला आली आणि नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडलं.

शेतीच्या जाहिराती नाशिककरांनी जरा जास्त वेळ बघाव्यात. नांगर, इंजिन, पंप काहीही असो, मी पाहिलेल्यांत बहुतेक फेटेवाला शेतकरीच उभा, बाई असलीच तर भाकरी घेऊन आलेली. निफाड-दिंडोरीकडे कांद्याची लावणी कोण करतं हे इथं कुणाला सांगायला नको.

जुने अंक बघायचे तर सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं १८४० चं सावाना, नाहीतर रद्दीवाले. पण हल्ली काहीजण फ्रेमसाठी जाहिरात तेवढी कापून विकतात, शेजारचा मजकूर गेला, तारीख गेली, मी तशी एक घेऊन पस्तावलोय. मग काळाचा अंदाज घ्यायला किंमत बघायची: आणे असतील तर बहुधा १९५७ च्या आधीची, 'नवे पैसे' असतील तर त्यानंतर १९६४ च्या आसपासपर्यंतची.