गाडी चुकते ती नकाशावरच

मेट्रोचं स्थानक घरापासून तीन किलोमीटरवर असेल, तर ते आपलं म्हणायचं का? पायी जाणाऱ्याला तरी नाही म्हणता येणार. माणूस अर्धा किलोमीटर सहज चालतो. स्थानकाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर पाऊण चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग त्यात बसतो. वर्तुळ तीन किलोमीटरचं केलं, तर २८ चौरस किलोमीटर! त्रिज्या सहापट, परिसर ३६ पट. उपनगरं विरळ पसरलेली असतात, त्यामुळे एवढ्या परिसरातली माणसं स्थानकापर्यंत आणायची कशी, हाच आराखड्यातला खरा प्रश्न. उत्तर बहुधा साध्या बसमध्ये आणि सायकलीत असतं. पण नकाशावर रंगीत रेघा ओढताना बसचा विचार सगळ्यात शेवटी होतो. माझ्या मते घोळ तिथेच होतो.

बस आली की मध्ये गाडी बदलणं आलं, आणि गाडी बदलायची तर वाट पाहणं आलं. दर १० मिनिटांनी गाडी असेल, तर वेळ न बघता आलेल्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता तेवढ्याच गाड्या एकदा ५ आणि एकदा १५ मिनिटांच्या अंतराने सोडून बघा. तासाला गाड्या सहाच, पण सरासरी थांबणं सव्वासहा मिनिटांवर जातं, कारण चारांतले तीन प्रवासी त्या १५ मिनिटांच्या खंडातच येऊन पोहोचतात. ते सगळे एकाच गाडीत चढतात, चढ-उतारात ती आणखी रेंगाळते, आणि मागची अर्धी रिकामी गाडी तिला येऊन गाठते. एकही नवी गाडी न घेता, नुसतं अंतर सारखं राखलं तरी प्रवाशांचा सरासरी वेळ वाचतो.

विरळ वस्तीत मात्र दर १० मिनिटांनी बस परवडत नाही. अर्ध्या तासाने एक बस असेल, तर तिची गाडीशी गाठ घालूनच द्यावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभरातल्या गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटू लागल्या. पुढे त्यातूनच गाठीच्या स्थानकांची पद्धत पक्की झाली: तास भरायच्या जरा आधी सगळीकडून गाड्या आणि बस येतात, प्रवासी अदलाबदल करतात, तास उलटला की सगळ्या निघतात. हे जमायला दोन गाठींमधला प्रवास अर्ध्या किंवा एका तासाहून किंचित कमी हवा. झ्युरिक ते बर्नला तासाहून जास्त लागायचा. २००४ मध्ये नवा लोहमार्ग झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला. तो ४८ मिनिटांवर आणायला आणखी पैसा ओतला असता, तर पुढे गाडी बदलणाऱ्याने वाचलेली आठ मिनिटं फलाटावरच घालवली असती. म्हणजे आधी वेळापत्रक आखायचं, आणि रूळ कुठे टाकायचे ते त्यावरून ठरवायचं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो.

तिकीटही एकच हवं. हॅम्बुर्गमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या वाहतूक संस्था १९६५ मध्येच एकत्र आल्या. झ्युरिकमध्ये १९९० साली उपनगरी रेल्वे आणि सामाईक तिकीट एकदमच सुरू झालं.

आणि शेवटी पायांचा हिशेब. जिना चढून, पूल ओलांडून, पुन्हा जिना उतरायचा असेल, तर कागदावरची तीन मिनिटं म्हाताऱ्या माणसाला पुरत नाहीत. हाँगकाँगच्या मेट्रोत मोंगकोक आणि प्रिन्स एडवर्ड ही लागोपाठची स्थानकं आहेत आणि दोन्हीकडे दोन मार्गिका एकत्र येतात. एका स्थानकात त्याच दिशेने पुढे जाणाऱ्यांना समोरच्याच बाजूला दुसरी गाडी मिळते, तर उलट दिशेला वळणाऱ्यांची तशीच सोय शेजारच्या स्थानकात आहे. त्यासाठी मधल्या बोगद्यांत रुळांच्या जोड्या बदलून घेतल्या आहेत. प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. तो दार उघडल्यावर चार पावलं चालतो आणि समोरच्या गाडीत बसतो.