लिनक्सवर गेम सुरू न होणे : कारणे व निदान

वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेम विकणाऱ्या व चालवणाऱ्या ॲपमध्ये ‘प्ले’ दाबावे, क्षणभर गेम चालू असल्याचे दिसावे आणि बटण निमूटपणे पुन्हा हिरवे व्हावे. ना खिडकी उघडते, ना त्रुटीचा संदेश येतो. लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. पडद्यावर काही दिसत नसले तरी कारणाची नोंद बहुधा कुठेतरी झालेली असते.

विंडोजसाठी तयार केलेला गेम लिनक्सवर अनेक थरांतून चालतो. १९९३ पासून विकसित होत असलेले वाइन हे सॉफ्टवेअर गेमने विंडोजकडे केलेल्या मागण्या लिनक्सला कळतील अशा करून देते. त्यावरच बेतलेले प्रोटॉन वाल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये आणले. त्यातील डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्स-प्रणाली) ९ ते ११ च्या आज्ञा व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स-प्रणालीत बदलतो. १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन असते. तळाशी ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर. अडले कोणत्या थरावर, हे शोधणे म्हणजेच निदान.

प्रोटॉनच्या आवृत्त्या आलटूनपालटून पाहण्याने कधीकधी काम भागते, पण आधी लॉग (गेम चालवताना झालेल्या नोंदींची फाइल) वाचणे केव्हाही चांगले. गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केला की होम फोल्डरमध्ये गेमच्या ॲप आयडीच्या (स्टीममधील क्रमांकाच्या) नावाची फाइल तयार होते. तिच्यात ‘फिक्समी’च्या शेकडो ओळी दिसतात, त्या बहुतेक निरुपद्रवी असतात, त्यांना घाबरू नये. शेवटच्या काही ओळी आणि ‘एरर’च्या ओळी पाहाव्यात. एखादी डीएलएल (गेमला लागणारी विंडोजची लायब्ररी फाइल) सापडली नाही, तर तिचे नाव तिथेच लिहिलेले असते.

व्हल्कनची तक्रार असेल, तर व्हीकेक्यूब हा व्हल्कन तपासणारा छोटा प्रोग्राम चालवून पाहावा. फिरणारा घन दिसला नाही, तर दोष गेमचा नव्हे, ड्रायव्हरचा. घन दिसतो पण जुना गेम उघडत नाही, अशा वेळी जुन्या गेमना लागणाऱ्या ड्रायव्हरच्या ३२-बिट लायब्ररी बसवायच्या राहून गेल्या आहेत का, ते तपासावे.

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवणारे हमखास अडकतात ते एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) विभाजनावर. जागा वाचावी म्हणून विंडोजमधलीच गेम लायब्ररी लिनक्सला जोडली जाते. प्रोटॉन मात्र प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये छोटे विंडोज उभारते आणि त्यात ‘सी:’ अशा नावाचा दुवा करते. विंडोजला फाइलच्या नावात विसर्गासारखे ते चिन्ह चालत नाही. त्यातून गेम बंद पडतो, कधी विंडोजकडून डिस्कच्या त्रुटीही निघतात. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ विभाजनावर हलवणे हाच खात्रीचा उपाय.

ऑनलाइन गेममधील फसवणूकरोधक प्रणालीपुढे मात्र वापरकर्त्याचे काही चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशा प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनला पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे गेमची कंपनी ठरवते. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होता. २०२४ मध्ये तो लिनक्सवर बंद करण्यात आला. म्हणून ऑनलाइन गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावरील वापरकर्त्यांचे अलीकडचे अनुभव पाहावेत. घेऊन झाला असेल, तर स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांत, खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असल्यास पैसे परत मागता येतात.